खिशातल्या पडद्यावरची खोली

निन्टेंडोचा गेम बॉय ॲडव्हान्स हा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचा कन्सोल २००१ साली बाजारात आला, तेव्हा त्रिमितीय चित्रणासाठी त्यात एकही स्वतंत्र सर्किट नव्हते. दोन पेन्सिल सेलवर सुमारे पंधरा तास चालणाऱ्या त्या यंत्राच्या चित्र-चिपला सपाट चित्रे सरकवता, फिरवता आणि लहानमोठी करता येत, त्यापलीकडे काही नाही. तरीही त्याच वर्षी ‘डूम’ हा खेळ त्यावर आला आणि तळहाताएवढ्या यंत्रावर खेळाडू बोळाबोळांतून वळणे घेत फिरू लागले. हँडहेल्डला त्रिमितीय चित्रण झेपते का, या प्रश्नाचे उत्तर मला आजच्या महागड्या यंत्रांपेक्षा या साध्या यंत्रात अधिक स्पष्ट दिसते, कारण तिथे सगळा हिशोब उघड्यावर मांडलेला आहे.

त्रिमितीय चित्रण म्हणजे मुळात भूमितीचे काम. खेळातली प्रत्येक वस्तू त्रिकोणांची बनवलेली असते आणि त्या त्रिकोणांचे कोपरे अवकाशातल्या तीन आकड्यांनी ठरतात. खेळाडू वळला की ते सगळे कोपरे फिरवावे लागतात, म्हणजे गुणाकार आणि बेरजा कराव्या लागतात. त्यानंतर प्रत्येक कोपऱ्याचे आडवे आणि उभे अंतर त्याच्या खोलीने, म्हणजे तो पाहणाऱ्यापासून किती दूर आहे त्या आकड्याने, भागावे लागते. चार मीटरवरचा दरवाजा आठ मीटरवर नेला तर तो निम्म्या उंचीचा दिसतो, तो याच भागाकारामुळे. शेवटी त्रिकोणाच्या आतला प्रत्येक पिक्सेल योग्य रंगाने भरायचा. हे सारे सेकंदाला निदान पंधरावीस वेळा, पहिल्यापासून पुन्हा करायचे असते.

आता त्या यंत्राची ऐपत पाहू. गेम बॉय ॲडव्हान्सच्या प्रोसेसरचे घड्याळ सेकंदाला सुमारे १ कोटी ६८ लाख ठोके देते (एका ठोक्यात साधारण एक छोटी पायरी होते) आणि त्याचा पडदा २४० गुणिले १६०, म्हणजे ३८,४०० पिक्सेलांचा आहे. सेकंदाला ६० चित्रे काढायची म्हटली तर एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम सात ठोके येतात. २० चित्रांवर समाधान मानले तर सुमारे बावीस. भूमिती, रंग, आवाज, शत्रूंच्या हालचाली, सगळे यातच बसवायचे. त्यात या प्रोसेसरला भागाकाराची आज्ञाच नाही. भागाकार वजाबाक्यांच्या पायऱ्यांनी करावा लागतो आणि एकाच भागाकारात कित्येक पिक्सेलांचे ठोके खर्ची पडतात.

यावरचा उपाय आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला लगेच ओळखता आला असता. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असलेला दुकानदार अडीच शेराचा भाव प्रत्येक वेळी नव्याने काढत बसत नसे. उत्तर आधीच तोंडात तयार असे. गेम लिहिणाऱ्यांनीही तेच केले. एक भागिले दोन, एक भागिले तीन, अशा व्यस्त संख्यांचे लांबलचक कोष्टक कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या खेळाच्या डबीत, आधीच भरून ठेवायचे, आणि भागण्याऐवजी त्या कोष्टकातल्या आकड्याने गुणायचे. कोनांच्या साइन आणि कोसाइनचेही तसेच कोष्टक. या प्रोसेसरला दशांश अपूर्णांकांची गणिते करणारे वेगळे सर्किटही नव्हते, म्हणून सर्व मापे ठरावीक पटीने, उदाहरणार्थ २५६ पटीने, मोठी करून पूर्णांकांत ठेवली जात. रुपयांचा हिशोब पैशांत ठेवला की अपूर्णांक उरत नाहीत, तसेच हे आहे.

एवढ्यानेही भागत नाही. चिपच्या आत ठोके न दवडणारी मेमरी फक्त ३२ किलोबाइट होती. बाहेरची २५६ किलोबाइट मेमरी आणि खुद्द कार्ट्रिज यांच्याकडून माहिती मागवली की प्रोसेसरला थांबून राहावे लागे. त्यामुळे पिक्सेल भरणारा, सर्वांत जास्त वेळा धावणारा कोडचा तुकडा त्या ३२ किलोबाइटमध्ये आणून ठेवणे हे कौशल्याचे काम होते.

‘डूम’चे यश मात्र आणखी एका युक्तीवर उभे आहे, आणि ती १९९३ च्या मूळ खेळातच होती. त्यातल्या सगळ्या भिंती सरळ उभ्या आहेत. समोर पाहणाऱ्याला अशा भिंतीची एक उभी पट्टी वरपासून खालपर्यंत सारख्याच खोलीवर असते. जमिनीची एक आडवी ओळही तशीच. म्हणून भिंतीसाठी प्रत्येक पिक्सेलला एक भागाकार करावा लागत नाही, प्रत्येक उभ्या पट्टीला एक पुरतो. याची किंमत अशी की त्या जगात एका दालनाच्या डोक्यावर दुसरे दालन बांधता येत नाही आणि मान वर करून पाहता येत नाही. शर्यतींच्या खेळांनी याहून स्वस्त मार्ग धरला. रस्ता हे एकच सपाट चित्र. ते पडद्यावर ओळीगणिक वेगळ्या प्रमाणात ताणले की दूरवर पसरलेला भासे आणि हे काम चित्र-चिपच करून टाकी.

खरे त्रिकोण काढणारेही निघाले. फ्रान्समधील व्हेलेझ अँड ड्युबेल या छोट्या चमूने २००२ च्या ‘व्ही-रॅली ३’ मध्ये गाडी आणि रस्ता त्रिकोणांचा उभा करून दाखवला. त्याही आधी, १९९२ साली, मूळ गेम बॉयच्या चार छटांच्या पडद्यावर ब्रिटनच्या आर्गोनॉट कंपनीने ‘एक्स’ नावाचा खेळ नुसत्या रेषांच्या सांगाड्यांनी त्रिमितीय केला होता. त्या यंत्राला सबंध पडद्यावर मोकळेपणी पिक्सेल ठेवण्याचीही सोय नव्हती, आठ गुणिले आठच्या फरशांनीच चित्र जुळवावे लागे. हे आठवले की मला त्या प्रोग्रामरांबद्दल आजही आदर वाटतो.

२००४ च्या, दोन पडद्यांच्या निन्टेंडो डीएसने हे ओझे प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवले. त्यात भागाकार आणि वर्गमुळासाठी वेगळे सर्किट होते आणि त्रिकोण भरण्यासाठीही. काटकसर तिथेही होतीच. पूर्ण चित्र आधी मेमरीत रंगवून मग दाखवण्याऐवजी हे सर्किट पडद्यावर चित्र उमटत असतानाच थोड्या ओळी पुढे राहून रंगवत जाते. तयार ओळींचा साठा फक्त ४८ ओळींचा. एका चित्रात फार तर २,०४८ त्रिकोण बसत. जवळून पाहिलेल्या भिंतीवरचे नक्षीकाम ठोकळ्यांसारखे दिसे, कारण ते मऊ करून दाखवणारी सोय गाळलेली होती. त्रिमितीय चित्र एका वेळी एकाच पडद्यावर काढता येई. दोन्ही पडद्यांवर हवे असल्यास आळीपाळीने काढावे लागे आणि सेकंदाला ६० ऐवजी ३० चित्रे मिळत.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. २०११ च्या निन्टेंडो ३डीएसमध्ये चष्म्याशिवाय खोलीचा भास होई. पडद्यासमोरच्या बारीक आडोशामुळे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसत. त्रिमितीय चित्रण आणि हा भास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०१३ साली आलेल्या २डीएसमध्ये तो आडोसा नव्हता, तरी तेच त्रिमितीय खेळ त्यावर चालत. भास हवा असेल तर मात्र डोळ्यागणिक एक, अशी दोन चित्रे काढावी लागतात आणि काम जवळपास दुप्पट होते.

त्रिकोण भरणारी सर्किटे छोट्या चिपमध्ये मावू लागल्यावर अडचण विजेची आणि उष्णतेची उरली. चिपचा विजेचा खर्च घड्याळाच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग कमी केला की व्होल्टेजही उतरवता येते: वेग निम्मा आणि व्होल्टेज एक-पंचमांशाने कमी केले तर खर्च सुमारे एक-तृतीयांशावर येतो. सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झचा (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके) असूनही खेळांना सुरुवातीला २२२ मेगाहर्ट्झपर्यंतच मुभा होती. पूर्ण वेग २००७ साली खुला झाला.

२०१७ च्या निन्टेंडो स्विचमध्ये हा हिशोब फार सुबकपणे दिसतो. टीव्हीला जोडल्यावर त्याची ग्राफिक्स चिप ७६८ मेगाहर्ट्झने चालते, हातात घेतल्यावर मूळ मर्यादा सुमारे ३०७ मेगाहर्ट्झची, म्हणजे अडीच पटीने कमी. परंतु हातातला पडदा १२८० गुणिले ७२० पिक्सेलांचा आणि टीव्हीचे चित्र १९२० गुणिले १०८० चे. पिक्सेलांतला फरक सव्वादोन पटींचा. काम आणि वेग जवळजवळ एकाच प्रमाणात घटवले आहेत, त्यामुळे तोच खेळ दोन्हीकडे सारखाच चालू शकतो.

२०२२ च्या स्टीम डेक या हँडहेल्डमध्ये तर हा निर्णय खेळाडूच्या हाती दिलेला आहे. मूळ यंत्राची बॅटरी ४० वॅट-तासांची. सगळे मिळून २० वॅट खर्च होऊ लागले तर ती दोन तासांत संपणार. म्हणून पडदा सेकंदाला ६० ऐवजी ४० वेळा ताजा करण्याची सोय आहे. ६० ला एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० ला ३३.३, आणि ४० ला बरोबर मधले २५. डोळ्यांना हालचाल बरीच सहज वाटते आणि बॅटरी अधिक काळ टिकते.