औद्योगिकीकरणाचा उगम : तौलनिक विचार

घरोघरी हाताने होणारे उत्पादन यंत्रावर आणि कारखान्यात जाण्याची प्रक्रिया म्हणजे औद्योगिकीकरण. पहिले यंत्र कधी आले, यापेक्षा पहिला पैसा कोणी घातला आणि कशासाठी, हे विचारले की निरनिराळ्या समाजांतला फरक चटकन कळतो.

अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये मजुरी चढी आणि कोळसा स्वस्त होता. न्यूकमेनचे वाफेचे इंजिन (१७१२) खाणीतले पाणी उपसण्यासाठी आले. ते कोळसा भसाभसा खाई. पण खाणीच्या तोंडाशीच असल्यावर त्याची फिकीर कोणाला? वॉटच्या सुधारणेने (पेटंट १७६९) ही भूक आटोक्यात आली आणि इंजिन खाणीपासून लांबही परवडू लागले. चीनच्या यांगत्सी खोऱ्यात कारागीर होते, बाजारपेठ होती. कोळसा मात्र दूर उत्तरेला. जपानात पुढाकार सरकारचा : तोमिओकाची रेशीम गिरणी मेइजी सरकारने १८७२ मध्ये फ्रेंच तंत्राने उभारली आणि १८९३ मध्ये मित्सुई या व्यापारी घराण्याला विकली. मुंबईत १८५६ मध्ये सुरू झालेली कावसजी दावरांची गिरणी व्यापाऱ्यांच्या पैशावर उभी राहिली.

नाशिकची गोष्ट जपानच्या जवळची, पण तितकी सरळ नाही. इथले तांबट पत्रा तापवून मऊ करत, ठोकून घडवत आणि शेवटी मठारत, म्हणजे हलक्या ठोक्यांनी पृष्ठभाग सारखा करत. मठारताना ठोक्यागणिक भांडे टणक होते. एवढे धातूज्ञान गावात असूनही मोठा कारखाना तांबटांच्या आळीतून निघाला नाही. तो निघाला रेल्वेच्या कडेला, नाशिक रोडला. भारताची टपाल तिकिटे तोवर लंडनहून छापून येत. १९२५ पासून ती इथल्या सरकारी मुद्रणालयात छापली जाऊ लागली, १९२८ पासून नोटाही. पुढे ओझरला मिग विमानांचा कारखाना आला तोही सरकारी, आणि सातपूरची औद्योगिक वसाहत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (स्थापना १९६२).

याच जिल्ह्यातले मालेगाव मात्र या सरकारी पुढाकाराच्या साच्यात बसत नाही. उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग बसवले, विसाव्या शतकात त्यांच्या जागी यंत्रमाग आले. यंत्र आले, पण कामाची जागा फारशी हलली नाही : अनेक ठिकाणी माग अजून राहत्या घरातच खडखडतात.