पवित्र गुरुवारचे पाय धुणे : ‘निवडलेले पुरुष’ आले कुठून?

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमध्ये बारा पुरुषांचेच पाय धुवावेत ही प्राचीन परंपरा आहे, असे सर्रास सांगितले जाते. पाय धुणे प्राचीन आहे. कॅथलिक चर्चच्या रोमन विधीच्या (उपासनापद्धतीच्या) सर्वसाधारण नियमात ‘बारा निवडलेले पुरुष’ आले ते मात्र 1955 साली.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो आणि त्यांना ‘कित्ता’ घालून देतो. कित्ता गिरवायचा असतो, आणि मठांनी तो अक्षरशः गिरवला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत पाय धुणे हे आठवड्याचे काम आहे. स्वयंपाकघराची पाळी संपवणारा आणि नवी पाळी घेणारा, दोघांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. जाणाऱ्याने हातापायांचे टॉवेल शनिवारी धुवायचे आणि भांडी घासून, न फोडता, कोठाऱ्याच्या हवाली करायची. पाहुण्यांच्या हातावर पाणी मठाधिपतीनेच घालायचे. त्यांचे पाय त्याने आणि साऱ्या मठाने धुवायचे. आजारपण किंवा महत्त्वाचे काम असल्याशिवाय नम्रतेची ही पाळी चुकवता येत नसे.

694 साली स्पेनमधल्या तोलेदोच्या धर्मसभेने पवित्र गुरुवारचे पाय धुणे सक्तीचे केले. पुढे दोन प्रकार रूढ झाले, बंधूंचे पाय आणि गरिबांचे पाय. गरीब अनेक ठिकाणी तेरा असत, बारा नव्हे. 1570 च्या मिस्सा-ग्रंथातली (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) सूचना तर एका ओळीची आहे : मोठा लहानांचे पाय धुतो, पुसतो, पायांचे चुंबन घेतो. संख्या नाही. कोणी कोणाचे धुवायचे एवढेच ठरवलेले, आणि तेही मिस्सा संपून वेदीवरची वस्त्रे काढल्यावर.

1955 च्या सुधारणेने हा विधी संध्याकाळच्या मिस्सात, प्रवचनानंतर घेण्याची मुभा दिली. धर्मग्रामातल्या लोकांना तो प्रथमच डोळ्यांसमोर दिसू लागला, ही तिची खरी कमाई. पण त्याच फटक्यात ‘मोठा’ आणि ‘लहान’ हे शब्द गेले, बारा पुरुष आले आणि सेवेचे प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांच्या, देखाव्यात रूपांतर झाले. 1970 च्या ग्रंथात बाराचा आकडा गळला, ‘विरी सेलेक्ती’ (निवडलेले पुरुष) तेवढे राहिले. लॅटिनमध्ये ‘होमो’ म्हणजे माणूस, ‘विर’ म्हणजे पुरुषच. त्यामुळे ‘माणसे असेही वाचता येईल’ या युक्तिवादात दम नव्हता. 1988 च्या रोमच्या पत्राने पुरुषांचीच प्रथा टिकवायला सांगितले, तरी अनेक देशांत स्त्रिया पाय धुऊन घ्यायला बाकावर बसतच होत्या. 28 मार्च 2013 रोजी नवे पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालसुधारगृहात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, त्यांतली एक मुस्लिम. नियम जुना आणि कृती नवी अशी अवघडलेली स्थिती जवळजवळ तीन वर्षे चालली.

6 जानेवारी 2016 च्या रोमच्या आदेशाने शब्द बदलला : ‘देवाच्या प्रजेतून निवडलेले’. स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे, धडधाकट-आजारी असा छोटा गट घ्यावा, बाराचा आग्रह नाही. विधी आजही ऐच्छिकच आहे. कृती सोपी : गरज वाटल्यास धर्मगुरू बाहेरचे वस्त्र उतरवतो, सेवकांच्या मदतीने एकेकाच्या पायांवर पाणी ओततो आणि पुसतो. नंतर स्वतःचे हात धुतो. श्रद्धांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) त्या दिवशी नसतो, थेट विश्वासू जनांच्या प्रार्थना. बिघडते ते बारीकसारीक गोष्टींत. पाणी गार असते, एकच टॉवेल चौथ्या माणसापर्यंत ओलाचिंब होतो, किंवा मोजे आयत्या वेळी काढावे लागतात आणि गाणे आधीच संपते. शिवाय निवडलेले लोक घरून पाय घासून येतात, म्हणजे धुणे नावालाच.

नव्या शब्दाने नवा गुंता केला आहे. ‘देवाची प्रजा’ म्हणजे बाप्तिस्मा घेतलेले, असा अर्थ काटेकोरपणे लावला तर 2013 मधली ती मुस्लिम मुलगी या सूचनेत बसत नाही. शिवाय आदेश फक्त रोमन विधीचा; कॅथलिकच, पण वेगळा विधी पाळणाऱ्या केरळमधल्या सिरो-मलबार चर्चने 2017 साली आपली पुरुषांचीच प्रथा कायम ठेवली.