स्पोर्ट मोडमधला गचका: एका बटणामागची गोष्ट

पार्किंगच्या उतारावर किंवा सिग्नलच्या रांगेत पुढची गाडी दोन हात सरकते आणि आपण ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवतो. ताकदवान गाडी स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे बटण दाबून निवडलेल्या जास्त चपळ वागणुकीत, असेल तर ती त्या टेकवण्यालाही उसळून उत्तर देते. दचकून पाय उचलावा तर लगेच नाक खाली घालते. शेजारी बसलेल्याची मान पुढे-मागे, मागच्या सीटवरून "नीट चालव ना" असा आवाज. मग गाडी वर्कशॉपला जाते, कॉम्प्युटर लावला जातो, आणि पुष्कळदा एकही एरर निघत नाही. कारण बिघडलेलं काही नसतंच. गाडी तिला सांगितलेलं अगदी तंतोतंत करत असते. ते सांगणं गेल्या चार दशकांत कसं बदलत गेलं, त्यात या गचक्याचं मूळ आहे.

पूर्वी ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनाच्या थ्रॉटलपर्यंत तार जायची. पाय दाबला की तार ओढली जायची आणि हवेच्या वाटेतली गोल झडप फिरायची. या झडपेचा एक स्वभाव आहे: ती पूर्ण उघडायला सुमारे ९० अंश फिरते, पण कमी आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्या होत असताना, तिची पहिली थोडीशी फटच इंजिनाची बहुतेक भूक भागवते. म्हणजे पेडलच्या पहिल्या बोटभर प्रवासात फार काही घडतं आणि पुढच्या प्रवासात फारच कमी. हे ओळखून अनेक गाड्यांत तार गुंडाळणारी चकती मुद्दाम लंबगोल ठेवत, म्हणजे सुरुवातीला झडप हळू आणि पुढे भरभर उघडावी. पायाला मिळणारी मऊ सुरुवात त्या धातूच्या आकारात कोरलेली असे. ती बटण दाबून बदलता येत नसे.

१९८७ साली बीएमडब्ल्यूची बारा सिलिंडरची ७५०आय आली. तिच्यात तार नव्हती. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी ती एक. पेडलखालचा सेन्सर पाय किती दाबला ते मोजायचा, कंट्रोल युनिट हिशेब करायचं आणि मोटर झडप फिरवायची. चाक घसरू लागलं तर चालकाचा पाय दाबलेला असतानाही झडप मिटवता यावी, हा त्याचा मोठा फायदा. पण त्या दिवशी एक खोल बदल झाला. तोवर पेडल हा हुकूम होता, आता तो अर्ज झाला. त्या अर्जाचं काय करायचं हे सॉफ्टवेअर ठरवणार. १९९० च्या दशकात बॉशसारख्या कंपन्यांनी ही कल्पना पुढे नेली. पाय किती दाबला यावरून चालकाला किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हवा ते काढायचं आणि तेवढा टॉर्क मिळेल अशा बेताने हवा, इंधन आणि ठिणगी सांभाळायची.

अर्जाचा अर्थ लिहिता येतो म्हटल्यावर तो दोन तऱ्हांनी लिहावा, हे ओघानेच आलं. १९९८ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये, म्हणजे कंपनी जिला ई३९ म्हणते त्या पिढीत, डॅशबोर्डवर 'स्पोर्ट' लिहिलेलं बटण होतं. ४,९४१ सीसीचा व्ही८, ४०० अश्वशक्ती, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क. बटण दाबल्याने यातला एकही आकडा वाढत नव्हता. स्टीअरिंग जड व्हायचं आणि पेडलचा अर्थ बदलायचा: आधी जे अर्ध्या पेडलवर मिळायचं ते आता बरंच आधी मिळायचं. चालकाला मात्र गाडी जास्त ताकदवान झाल्यासारखी वाटे. हा भास इतका पक्का असतो की आजही कित्येक जण स्पोर्ट मोडमध्ये 'पॉवर वाढते' असंच म्हणतात. काही गाड्यांत खरंच वाढते, त्याचं पुढे सांगतो. बहुतेक गाड्यांत फक्त पेडलचा प्रवास आखूड होतो.

त्या एम५ ला आणखी एक गोष्ट नडत होती, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्टही तीच आहे. साध्या इंजिनात एक झडप असते आणि तिच्यामागे हवेचा एक सामाईक डबा. झडप उघडली की आधी डबा भरतो, मग सिलिंडर. तो डबा उशीसारखं काम करतो. एम५ मध्ये आठ सिलिंडरांना आठ झडपा होत्या, थेट प्रत्येकाच्या हवेच्या वाटेच्या तोंडाशी. २००० सालच्या, त्याच कंपनीच्या ई४६ एम३ मध्ये सहा, आणि २००५ मध्ये बाजारात आलेल्या ई६० एम५ च्या व्ही१० ला तर दहा. मध्ये उशीच नाही. रेसिंगमधून आलेल्या या रचनेत पाय हलला की इंजिन त्याच क्षणी हलतं. वळणावर चालकाला हेच हवं असतं, आणि उतारावरून मागे गाडी घेताना हेच नको असतं.

इथवर इंजिन झालं. पण निव्वळ चपळ इंजिनाने गचका बसत नाही. तो बसतो इंजिन आणि चाक यांच्यामधल्या मोकळ्या जागेमुळे. गॅरेजमध्ये तिला 'प्ले' म्हणतात. गिअरच्या दातांत, चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलमध्ये, शाफ्टच्या सांध्यांत केसभर प्ले असावाच लागतो, नाहीतर दात अडकतील. पाय सोडलेला असताना चाकं इंजिनाला फिरवत असतात, म्हणजे दात एका बाजूला टेकलेले. पाय दाबला की इंजिन चाकांना फिरवू लागतं आणि दात ती केसभर जागा ओलांडून दुसऱ्या बाजूला आपटतात. त्यात आधुनिक इंजिन पाय सोडल्यावर ठरावीक आरपीएमच्या वर इंधन पूर्ण बंद करतं, त्यामुळे परत सुरू होताना आणखी एक पायरी चढावी लागते. दात आपटल्यावर चाकांना फिरवणारे ड्राइव्हशाफ्ट पीळ खातात, सुटतात, पुन्हा पीळ खातात. इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं ते रबरी माउंट दबतात. सगळी गाडी सेकंदाला साधारण २ ते ८ वेळा पुढे-मागे झुलते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये टॉर्क कित्येक पटींनी वाढून चाकांपर्यंत पोचतो, म्हणून तिथे हा झोका सर्वांत मोठा.

यात चालकाचाही नकळत हात असतो, खरं तर पाय. गाडी उसळली की अंग मागे जातं आणि पाय पेडलवरून किंचित सुटतो. गाडी मंदावते, अंग पुढे येतं, पाय आपोआप दाबला जातो. झोक्याला कोणी दर वेळी धक्का द्यावा तसं हे चालतं. मऊ पेडलमध्ये पायाची ती थरथर पचून जाते. स्पोर्टच्या आखूड पेडलमध्ये तिलाही अर्ज समजून मंजुरी मिळते.

कंपन्यांना हे सगळं माहीत आहे आणि त्यांनी उपायही शोधले आहेत. दात बाजू बदलत असतील त्या क्षणापुरता टॉर्क सावकाश चढवायचा. इंजिनाच्या फेऱ्यांत झोका दिसला तर ठिणगी उलट्या तालात थोडी उशिरा पाडून तो मारून टाकायचा. रोजच्या मोडमध्ये या उपायांची गाळणी दाट असते. स्पोर्टमध्ये ती विरळ केली जाते, कारण चालकाने तेच मागितलेलं असतं. म्हणून मी या गचक्याला बिघाड म्हणायला तयार नाही. एरवी लपवून ठेवलेली यंत्राची हाडं इथे दिसतात, एवढंच.

क्लचने मात्र हे दुखणं वाढवलं. ई६० एम५ ला युरोपात फक्त एसएमजी गिअरबॉक्स मिळायचा: सात गिअर, एकच क्लच, तो दाबायला-सोडायला हायड्रॉलिक यंत्रणा. साध्या ऑटोमॅटिकमधला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे द्रवातून ताकद पोचवणारी मऊ कडी, त्यात नव्हती. ब्रेक सोडल्यावर गाडी आपणहून सरकायची नाही आणि हाफ क्लचचं नाजूक काम सॉफ्टवेअरला करावं लागायचं. अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी पुढे साधा सहा गिअरचा मॅन्युअल द्यावा लागला. या गाडीत बटणाने खरोखर ताकद वाढायची: सुरू केल्यावर ती ४०० अश्वशक्तीच द्यायची, पूर्ण ५०७ हवी असेल तर मागून घ्यावी लागे, आणि त्यापुढे तिखट पेडलचा आणखी एक टप्पा होता. गर्दीच्या रस्त्यावर हे प्राणी कसे वागतील याची बनवणाऱ्यांनाच कल्पना होती, असा मी त्या ४०० चा अर्थ लावतो.

मग टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबणारा पंखा, आला. ई६० चा व्ही१० ५२० न्यूटन-मीटर द्यायचा, पण ६,१०० आरपीएमला. तिथवर रोज कोण जातं? २०११ च्या एफ१० एम५ चा ट्विन टर्बो व्ही८ ६८० न्यूटन-मीटर देऊ लागला, तेही १,५०० आरपीएमपासून, म्हणजे आपण रांगेत सरकतो तिथेच. शिवाय टर्बोला दाब तयार करायला क्षणभर लागतो. त्या क्षणात चालक पाय आणखी दाबतो आणि मागून सगळं एकदम येतं. या गाडीचा डबल क्लच, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, एसएमजीपेक्षा खूप सफाईदार होता, पण कडी तीच क्लचची, द्रवातून ताकद पोचवणारी नाही.

२०१७ च्या एफ९० एम५ मध्ये कंपनीने टॉर्क कन्व्हर्टरचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बसवला. ७५० न्यूटन-मीटर, चारही चाकांना. वीस वर्षं रेसिंगच्या गिअरबॉक्सचं कौतुक केल्यावर जुनी मऊ कडी परत आली. काही जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही. मला तो प्रामाणिक निर्णय वाटतो.

तोवर एकच स्पोर्ट बटणही मागे पडलं होतं. एफ१० मध्येच इंजिन, डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर), स्टीअरिंग आणि गिअरबॉक्स वेगवेगळे लावून ती जुळणी स्टीअरिंगवरच्या एम१ आणि एम२ बटणांवर साठवता यायची. ज्यांना गचक्याचा त्रास आहे त्यांनी आधी हेच करून पाहावं, गाडीत सोय असेल तर: डॅम्पर आणि स्टीअरिंग स्पोर्टमध्ये, इंजिन साध्या मोडमध्ये. सोय नसेल तर एक गिअर वर ठेवावा आणि टाच जमिनीला घट्ट टेकवून फक्त चवडा हलवावा. पायाची थरथर निम्मी तिथेच थांबते. मात्र गचका सगळ्याच मोडमध्ये बसत असेल किंवा पूर्वी नव्हता आणि आता आला असेल, तर माउंट, सांधे आणि क्लच तपासून घ्यावेत.

बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत, टर्बो नाही. पुण्याजवळ रांजणगावला तयार होणाऱ्या नेक्सॉन ईव्हीतही २०२० पासून स्पोर्ट मोड आहे. मोटर शून्य वेगापासून जवळजवळ पूर्ण टॉर्क देते आणि पाय सोडला की तीच मोटर ब्रेकसारखी ओढते. म्हणजे दातांची बाजू पेट्रोल गाडीइतकीच, कदाचित जास्तच वेळा बदलते. मोटर आणि चाक यांच्यामध्ये वेग कमी करणारे गिअर असतातच, त्यांना दात असतात, आणि दातांत तो केसभर प्ले.