कुंपणाची उंची कायद्यात का सापडत नाही?

शेजारच्या मेंदीचे किंवा सुरूचे कुंपण खिडकीच्या वर गेले की बेळगावात हल्ली कुणीतरी हमखास सांगतो, 'सहा फुटांच्या वर कुंपण चालत नाही, तसा कायदाच आहे.' कायदा आहे खरा, पण तो इंग्लंड-वेल्सचा. तिथे २००३ साली समाजविघातक वर्तनाविरुद्ध जो कायदा झाला, त्याच्या आठव्या भागात उंच कुंपणांची तरतूद आली आणि इंग्लंडमध्ये ती जून २००५ पासून लागू झाली. निमित्त होते लेलँडी नावाच्या सूचिपर्णी झाडाचे. ते भराभर वाढते, बारा महिने हिरवे राहते आणि आधीच दुर्मिळ असलेले ऊन अडवते. दोन मीटरहून उंच अशी सदाहरित झाडांची रांग शेजाऱ्याला जाच होत असेल, तर स्थानिक कौन्सिलकडे दाद मागता येते. म्हणजे दोन मीटरवरचे कुंपण तिथेही बेकायदा नाहीच. ती फक्त तक्रार करण्याची किमान उंची आहे.

आपल्याकडे असा आकडा नाही. कारण आपला शेजारधर्माचा कायदा बागेत नव्हे, शेताच्या बांधावर वाढला. भांडण उंचीचे नसायचे, बांध कोरल्याचे असायचे. दरवर्षी नांगराचे एक तास (चर) पलीकडे सरकवायचे आणि दहा वर्षांनी बांध सुतळीएवढा उरायचा, हा प्रकार खानापूरपासून निपाणीपर्यंत कुणाला नवा नाही.

त्यावर इंग्रजांनी काढलेला उपाय म्हणजे मोजणी. मुंबई इलाख्यातली नवी मोजणी १८३५ च्या सुमारास इंदापूरकडून सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत बेळगाव जिल्ह्यातही आली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. हद्दीवर दगड आणि मातीचे उंचवटे, मध्ये न नांगरायचा बांध. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने या खुणांना संरक्षण दिले आणि त्या मोडणाऱ्याला दंड ठेवला. बांधावर निवडुंग, शेर, घायपात, निर्गुडी लावण्याची रीत होतीच. आता हिरवे कुंपणही हद्दीची साक्ष देऊ लागले. जुन्या दस्तांतल्या चतुःसीमा वाचा, 'पूर्वेस अमक्याचा बांध' हेच पहिले.

उजेडाचा प्रश्न दुसऱ्या कायद्यात गेला. १८८२ चा सुविधाधिकारांचा, म्हणजे शेजाऱ्याच्या जागेवरून वाट, पाणी, उजेड मिळण्याच्या हक्कांचा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. घराच्या खिडकीतून वीस वर्षे अखंड, सुविधाधिकार म्हणून उजेड-वारा येत असेल, तर तो अडवणाऱ्याविरुद्ध कोर्टात जाता येते. मात्र नुकसान ठोस असावे लागते. खरी गोम याच कायद्याच्या सतराव्या कलमात आहे: मोकळ्या जागेवरच्या उजेड-वाऱ्याचा हक्क वहिवाटीने मिळतच नाही. परड्यातली मिरची शेजाऱ्याच्या झाडाच्या सावलीत खुरटली, अंगणात पापड वाळेनासे झाले, तरी या कलमाच्या आधारे काही मागता येत नाही. इंग्लंडच्या २००३ च्या कायद्याने बागेच्या उपभोगाचाही विचार केला, आपल्या १८८२ च्या कायद्याने तो दरवाजा बंद ठेवला. माझ्या मते शहरातल्या बऱ्याच तक्रारी इथेच अडतात.

फांद्यांबाबत मात्र कायदा उदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले, की फांद्या शेजाऱ्याच्या हद्दीवर लोंबकळत ठेवण्याचा हक्क कितीही वर्षांनी तयार होत नाही; शेजाऱ्याला आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या छाटता येतात. खोडाला हात लावायचा नाही, आणि हद्द ओलांडून पलीकडे जायचे नाही. फणस आपल्या अंगणावर लोंबतो म्हणून तो आपला होत नाही, हेही ओघाने आले. (यावर आमच्या गल्लीत एकमत होणे कठीण.)

मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. बेळगाव जिल्हा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे राहिला. एकाच जुन्या कायद्याची दोन घरे झाली: इकडे कर्नाटकचा १९६४ चा महसूल कायदा, तिकडे महाराष्ट्राची १९६६ ची संहिता. चंदगडचा शेतकरी 'हद्द कायम' मोजणी मागतो, बेळगावचा 'हद्दुबस्त'. तिकडचा सातबारा हेक्टर-आरमध्ये, इकडच्या पहाणीवर (कर्नाटकातल्या सातबाऱ्यावर) अजून एकर-गुंठे. शहापूरची गोष्ट आणखी वेगळी. १९४८ पर्यंत ते सांगली संस्थानात होते, म्हणून तिथल्या जुन्या मिळकतीचा माग काढताना संस्थानी कागदही पाहावे लागतात. त्यात जुना दस्त मोडीत आणि आजची पहाणी कन्नडमध्ये असली, की म्हातारा मालक दोन्हीकडून दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचतो.

झाड मुळासकट काढायचे म्हटले, तर १९७६ चा कर्नाटक वृक्षसंरक्षण कायदा आडवा येतो आणि वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नारळ, सुरू, निलगिरी, सिल्व्हर ओक, सुबाभूळ अशा काही झाडांना सूट आहे. कुंपणाला लावतात ती बरीचशी झाडे याच यादीतली.

त्यामुळे उंचीचे भांडण शेवटी मोजणीवर येते. अर्ज होतो, लगतच्या सगळ्यांना नोटिसा निघतात, सर्व्हेअर येतो, पंच जमतात, चहा होतो. आणि कुंपण लावणाऱ्याच्याच हद्दीत, चांगले हातभर आत निघते. पंच पंचनाम्यावर सह्या करतात, आणि खिडकीतला अंधार आहे तसाच राहतो.