अ‍ॅडियाबॅटिक प्रक्रियेत दाब आणि तापमान

सायकलचा पंप घ्या, तोंडावर बोट घट्ट दाबून धरा आणि दांडा जोरात खाली रेटा, चार-पाच वेळा केलं की पंपाची खालची बाजू हाताला चांगली गरम लागते. बरेच जण म्हणतात घर्षणामुळे. थोडं घर्षण असतंच, पण मुख्य कारण म्हणजे आपण हवेवर केलेलं काम, ते उष्णता म्हणून बाहेर पडायला वेळच मिळत नाही, मग ते हवेच्याच अंतर्गत ऊर्जेत जमा होतं आणि तापमान चढतं. वायूतून उष्णता बाहेर जात नाही, बाहेरून आत येत नाही, अशा प्रक्रियेला अ‍ॅडियाबॅटिक म्हणतात.

आदर्श वायूसाठी, म्हणजे ज्याचे रेणू एकमेकांना ओढत-ढकलत नाहीत असं मानलेल्या वायूसाठी, नियम असा: तापमान हे दाबाच्या (गॅमा − १)/गॅमा या घाताच्या प्रमाणात बदलतं. गॅमा म्हणजे स्थिर दाबाची आणि स्थिर आकारमानाची विशिष्ट उष्णता (ठरावीक वस्तुमानाचं तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) यांचं गुणोत्तर, हवेसाठी साधारण १.४, म्हणजे घात येतो ०.२८६. आता २७ अंश सेल्सियसची हवा, म्हणजे ३०० केल्विन, दाब दुप्पट केला तर ३०० गुणिले १.२१९, जवळपास ३६६ केल्विन, म्हणजे ९३ अंश! उलट दाब निम्मा केला तर २४६ केल्विन, म्हणजे उणे २७. हीलियमसारख्या एकअणू वायूचा घात ०.४, तो दुप्पट दाबाला १२३ अंशांपर्यंत जातो. गणितात हमखास चूक होते ती इथेच, सेल्सियसचाच आकडा टाकून मोकळे होतात, केल्विन घेतल्याशिवाय हे सूत्र चालतच नाही.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही ते याच्याच जोरावर. तीच २७ अंशांची हवा दाबून आकारमान अठराव्या हिश्शावर आणलं तर हिशोबाने दाब ५७ पट आणि तापमान ६८० अंशांच्या आसपास, डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश थंड होते तेही यामुळेच, कारण वर दाब कमी. न्यूटनने आवाजाचा वेग काढताना तापमान स्थिर धरलं आणि उत्तर बरंच कमी आलं, ती चूक पुढे लाप्लासने प्रक्रिया अ‍ॅडियाबॅटिक धरून दुरुस्त केली.

एक गोष्ट मात्र, हे सूत्र प्रक्रिया उलट करता येण्याजोगी असेल तरच लागू. वायू निर्वात जागेत नुसता सुटला तर उष्णतेची देवाणघेवाण शून्यच, दाबही पडतो, पण तो कुणाला ढकलत नाही म्हणजे काम शून्य, आणि आदर्श वायूचं तापमान आहे तिथेच राहतं.