पावशा वेगळा, चातक वेगळा

मे संपत आला की फोनवर एक फोटो हमखास फिरतो. काळा-पांढरा पक्षी, डोक्यावर तुरा आणि खाली ओळ: 'चातक आला, पेर्ते व्हा म्हणतोय!' फोटो चातकाचा, शब्द पावशाचे. दरवर्षी तेच.

पावशा हा पक्षी काय ते कोल्हापूरकराला सांगायला नको. रोहिण्या जवळ आल्या, धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरायच्या, भाताची लगबग सुरू झाली की पन्हाळ्याच्या उतारापासून कळंब्याच्या झाडीपर्यंत 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' सुरू. दर खेपेला आवाज एक पायरी वर, आता गळा फाटतोय असं वाटतं तोच गप्प, आणि परत खालच्या पट्टीतून. रात्री अडीचलासुद्धा.

दिसण्यात घोळ व्हायचं खरं तर कारणच नाही. चातक वरून काळा, खालून पांढरा, उडताना पंखावर पांढरा डाग. पावशा राखाडी, शेपटीवर पट्टे, थेट शिक्र्याचं, म्हणजे छोट्या शिकारी पक्ष्याचं, सोंग. गेल्या वैशाखात मामांच्या बांधावर, फुललेल्या बहाव्यात असाच एक बसला होता. खालचे सातभाई पक्षी कलकलाट करून पांगले. मामा कुजबुजले, "शिक्रा हाय त्यो, हलू नगंस." तेवढ्यात त्यानं मान पुढं काढली, गळा फुगवला आणि 'पेर्ते व्हा'! मामा म्हणाले, "आयला, ह्योच व्हय!" चाळीस वर्षं ऐकत होते, पाहिला त्या दिवशी.

(आणि हो, तो बहावाच होता. घोस खाली लोंबतात तो बहावा, आपला. पिवळे तुरे वर उभे करून रस्त्याकडेला फुलतो तो सोनमोहर, बाहेरून आणून लावलेला. त्याचे फोटो बहावा म्हणून टाकू नका.)

खरी गोम आहे 'आला' या शब्दात. चातक खरोखर येतो. आपल्याकडं तो पावसाळी पाहुणा. नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून अरबी समुद्र ओलांडून येतो. म्हणजे तो दिसला की वारं फिरलंय, असं म्हणायला थोडा तरी आधार आहे. पावशा मात्र कुठूनच येत नाही. तो बारा महिने इथंच, त्याच आंब्या-जांभळांत. थंडीत मुका असतो, म्हणून आपल्याला वाटतं की तो इथं नाहीच. ऊन तापायला लागलं, विणीचे दिवस आले की नराला कंठ फुटतो आणि आपण म्हणतो, पावशा आला! तो मादीला हाका मारतोय, पेरणी आपण त्यात घातली. त्याच्या भरवशावर बी टाकलं आणि पाऊस लांबला, तर दोष पाखराला देऊ नये. त्यानं तारीख दिलीच नव्हती.

गोंधळाला हिंदीनंही हातभार लावलाय. तिकडचा पपीहा म्हणजे आपला पावशा, त्याच ओरडण्यात त्यांना 'पी कहाँ' ऐकू येतं. आपल्याकडचे उत्साही लोक त्याचं भाषांतर करतात 'चातक', की झालं. त्यात दोघेही कोकिळेच्या कुळातले, दोघेही अंडी घालणार सातभाईंच्या घरट्यात, म्हणजे सातभाईंना दोन्हीकडून भुर्दंड. चातकाचा आवाज मात्र धातूवर टिचकी मारल्यासारखा, 'पिऊ, पी-पी-पिऊ'. त्यात चढण नाही.

चातक फक्त पावसाचे थेंब पितो, हे कवितेपुरतं ठीक. पोट भरतो तो केसाळ सुरवंटांवर, आणि त्यांतूनच त्याला बरंच पाणी मिळतं.

मी वहीत दोन रकाने ठेवलेत. चातकापुढं लिहितो 'आला'. पावशापुढं लिहितो 'बोलला'.