दप्तर हुंगणे म्हणजे झडती का? शाळांतील श्वान तपासणीची पार्श्वभूमी

ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ आणि ‘गर्दुल्ला’ हे शब्द मुंबईत रुळले, तेव्हा नशा ही रेल्वे रुळांच्या कडेची गोष्ट मानली जात होती. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा रोखही तस्करांवर होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘एमडी’, म्हणजे मेफेड्रोन हे नशेचे रसायन, त्या कायद्याच्या यादीत आले. कंपासपेटीत सहज मावणाऱ्या या पुडीमुळे पालकांची नजर शाळेच्या फाटकाआत वळली आणि श्वान पथकाची मागणी होऊ लागली. या शहराला श्वान पथक ठाऊक आहे ते १९९३ मध्ये आरडीएक्स शोधणाऱ्या लॅब्रेडॉरमुळे. अमली पदार्थांसाठी तयार केलेला कुत्रा वेगळा असतो, हे बहुधा कुणी लक्षात घेत नाही.

खरा गुंता आहे तो ‘झडती’ या शब्दाचा. कुत्रा दप्तर उघडत नाही. बाहेर आलेला वास घेतो आणि ओळखीचा वास लागला की खाली बसतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातील एका शाळेत १९७९ मध्ये वर्गावर्गांतून कुत्रे फिरवले गेले. एका तेरा वर्षांच्या मुलीपाशी कुत्रा अडला, तिला कपडे उतरवायला लावले आणि सापडले काहीच नाही. त्या सकाळी ती घरच्या माजावर आलेल्या कुत्रीशी खेळली होती. न्यायालयाने कपडे उतरवणे बेकायदा ठरवले, पण हुंगण्याला झडती मानले नाही. १९८२ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या न्यायालयाने लॉकर हुंगणे चालेल, मुलाचे अंग जवळून हुंगणे ही मात्र झडतीच, असे म्हटले. कॅनडात २००८ मध्ये तर शाळेतले बेवारस ठेवलेले दप्तर हुंगणेही झडती ठरले.

आपल्याकडे १९८५ च्या त्याच कायद्यानुसार अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर नेले जाण्याचा हक्क संशयिताला आहे. पण पिशवी म्हणजे अंग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले. म्हणून मुलांना मैदानावर पाठवून, पंखे बंद करून, व्हरांड्यात मांडलेली दप्तरे हुंगवणे कायद्याच्या दृष्टीने सोपे ठरते. मात्र त्या दप्तरावर नावाचे लेबल असते. कुत्रा ज्याच्यापुढे बसला त्याचे नाव मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होते, मग आत सुक्या जवळ्याच्या डब्याखेरीज काही निघो वा न निघो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये कुत्र्याने दाखवलेल्या माणसांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाकडेच अमली पदार्थ सापडल्याचे २००६ च्या एका अहवालात नोंदले आहे, आणि ती तर मोठी माणसे होती.

मुलांमधील व्यसनाचे राष्ट्रीय सर्वेक्षण सहा महिन्यांत करा, असा आदेश डिसेंबर २०१६ मध्ये झाला. आकडे आले २०१९ मध्ये. त्यांत मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेला प्रकार एकच होता: हुंगण्याची द्रव्ये, मुलांत १.१७ टक्के, तर मोठ्यांत ०.५८ टक्के. डिंक, थिनर, व्हाइटनर यांचा वास शाळेच्या दप्तराला असतोच. त्यावर कुत्र्याला बसायला शिकवले, तर तो प्रत्येक रांगेत बसेल.